कोपराखाली चार बोटं

मी उंचीने कमी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कमी म्हणजे किती, ते विचारू नये. पोस्टाच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली, आणि सुरुवातीची बरीच वर्षं खिडकीपलीकडच्या माणसाला माझ्या भांगापेक्षा जास्त काही दिसलं नसेल. शेवटी एका पोस्टमास्तरांनी उंच स्टूल मागवून दिलं. लग्नातही तीच गत. अंतरपाटाच्या अलीकडे मी पाटावर उभी होते आणि पलीकडे नवरा ताडमाड. हार त्याच्या गळ्यात पडायचा कसा, म्हणून मामाने माझ्या पाटाखाली आणखी एक पाट सारला. सगळा मांडव हसला आणि मीही हसले.

पनवेलच्या ह्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा बिल्डरने बांधलेला ओटा मला फार उंच पडायचा. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात तो तोडून ठेंगणा करून घेतला, काळ्या कडाप्प्याचा. त्या ओट्यावर मी मुलाचे डबे केले, नवऱ्याची पथ्यं सांभाळली, आणि तो गेल्यावर एकटीचा वाटीभर भातही तिथेच शिजवत राहिले. मला तो अगदी बेताचा होता आणि बाकीच्या जगाला बुटका. माझी सून चांगली उंच. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी ती चहा करायला उभी राहिली ती जमिनीवर सांडलेलं काही वेचत असल्यासारखी वाकून. दुसऱ्या दिवसापासून ती भाजी चिरायला आणि कणीक मळायला खाली फरशीवर बसू लागली. तक्रार एका शब्दाने केली नाही. फक्त उठताना कंबरेवर हात ठेवायची, आणि ते मला दिसायचं.

मग दोघं नोकरीसाठी बंगळुरूला गेली. नात तिकडेच वाढली. मी इथे टीव्ही लावून स्वयंपाक करायला शिकले. बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. कुकरची शिट्टी झाली की मी ‘हो, आले’ म्हणायचे. एकटं राहणाऱ्या माणसाला असं काहीबाही लागतं, त्यात वेड वगैरे काही नाही.

विमानतळाचं काम संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मुलाचा फोन आला. कंपनी नवी मुंबईत ऑफिस काढतेय, म्हणाला. आम्ही तिघंही तिकडेच यायचं म्हणतोय, तुझ्याजवळ. जूनमध्ये शाळा सुरू होते तोवर. मग जरा थांबून म्हणाला, “पण आई, घराचं काम काढावं लागेल. आहे तसं नाही चालणार.”

मी म्हटलं, “काढू की.” एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवायला उठले, तर डबा हातात धरून नुसतीच उभी राहिले. माझी माणसं माझ्या घरात राहायला येणार होती, आणि त्यापुढे फरशा काय, भिंती काय, सगळं घर पाडून बांधायची माझी तयारी होती.

मिस्त्री मिळाला तो करंजाड्याचा. हल्ली मिस्त्री मिळणंच मुश्कील, सगळे उलव्याच्या टॉवरांवर. ह्यालाही तिकडची कामं होतीच, त्यामुळे तो दोन दिवस यायचा आणि मग गायब व्हायचा. फोन केला की ‘आलोच काकी, गारीवर बसलोय,’ म्हणायचा, गारी म्हणजे त्याची मोटारसायकल, आणि मागून सिमेंटच्या मिक्सरची घरघर ऐकू यायची. बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. आल्या आल्या त्याने आमच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि बिल्डरच्या नावाने जे काही बोलला ते मी इथे लिहीत नाही.

त्याची ओट्याचं माप घ्यायची पद्धत मात्र खास होती. घरातल्या बाईला तो अनवाणी भिंतीशी उभं करायचा, हात कोपरात वाकवायला सांगायचा, कोपराखाली स्वतःची चार बोटं आडवी धरायचा आणि त्याखाली पेन्सिलने रेघ मारायचा. ओट्याची लादी त्या रेघेवर.

“इथं रांधनार कोन हाय?” त्याने विचारलं.

“सून,” मी म्हटलं.

“मग सुनंला बोलवा.”

“ती बंगळुरूला आहे. येणारेय आता.”

“मग आल्यावर करू ओटा.”

“आल्यावर काय, ती आल्या दिवशी रांधणार कुठे? तुझ्या डोक्यावर?”

तो हसला. मग आम्ही तिला व्हिडिओ कॉल लावला. ती तिच्या स्वयंपाकघरात होती, कानात ऑफिसचं काहीतरी अडकवलेलं, एका हातात पोह्यांची बशी. मिस्त्रीने माझा फोन आपल्या हातात घेतला आणि तिला फर्मान सोडलं की चपला काढा. तिने घरातल्या चपला काढल्या. भिंतीला टेका. ती टेकली. मुलगा टेप घेऊन आला आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत मोजू लागला. मुलगा म्हणाला, त्यातून चार बोटं मीच वजा करून सांगतो. मिस्त्री म्हणाला, नाय, तुमची नको, तुमची पडली कॉम्प्युटरची बोटं. बोटं माजी धरायची. दोघांची बोटांवरून बराच वेळ जुंपली, आणि सून तिकडे हात वाकवून पुतळ्यासारखी उभी. नात मागून खिदळत होती. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी घरात असा गोंधळ चालला होता.

त्या गोंधळातच सून म्हणाली, “आई, पण ओटा तुमच्याच मापाचा करा ना. वापरणार तुम्हीच.”

मी म्हटलं, “माझं काय आता. तू येणार, तुझा ओटा.”

“नाही, खरंच आई. तुमच्या मापाचा करा.”

“अगं, तुझी कंबर मोडलेली मी पाहिलीय. गप्प बस.”

ती गप्प बसली. मला वाटलं, मान देतेय सासूला. आमच्याकडे पाहुणा नको नको म्हणतो आणि आपण त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकतो. पाहुण्याला खरंच नको असतं की नाही, हे कुणी विचारत बसत नाही. आग्रह करायचा असतो. मी आयुष्यभर आग्रह करत आले, तसा तेव्हाही केला, आणि ती पोळी तिच्या पानात टाकून मोकळी झाले.

मिस्त्रीने भिंतीवर रेघ मारली. त्या रेघेजवळ मी उभी राहिले तर ती माझ्या छातीच्या रेषेत. मिस्त्रीने एकदा रेघेकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

“काकी, तुमी?”

“मी आता आयतं खाणार,” मी म्हटलं.

मग जे काही सुरू झालं त्याला लोक त्रास म्हणतात. सामान सगळं आतल्या खोलीत रचलेलं, त्याच्या फटीतून माझी कॉट. गॅस गॅलरीत. जुना ओटा घणाने फोडला तेव्हा मी मुद्दाम बाजारात निघून गेले, आले तर कडाप्प्याचे तुकडे गोण्यांत भरून जिन्यात ठेवलेले. चहात सिमेंट, केसांत सिमेंट, देवांच्या डोक्यावरही. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दार उघडून रोज नाक मुरडायची. तिला मी सांगायचे, जरा कळ काढा, सून येतेय राहायला. दूधवाल्याला सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले तर रांगेतल्या अनोळखी बाईला सांगितलं.

पण त्रास म्हणावा तर मला झाला नाही. सकाळी नऊच्या सुमाराला बेल वाजायची आणि घर माणसांनी भरायचं. प्लंबर मोरीत, टाइलवाला हॉलमध्ये उकिडवा, रंगारी घोड्यावर चढून छताला पुट्टी लावतोय. दुपारी सगळे जमिनीवर बसून आपापले डबे उघडायचे. मिस्त्रीच्या बायकोने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण असायचं, आणि तो मला हटकून विचारायचा, “काकी, सुकाट चालल का?” मी खात नाही हे त्याला माहीत होतं, तरी विचारायचा. कुणीतरी ‘काकी, पानी!’ म्हणून ओरडायचं आणि मी धावायचे. चहा तर दिवसातून किती वेळा व्हायचा. टीव्ही आतल्या खोलीत पलंगाखाली गुंडाळून ठेवला होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

रोज मी मुलाला फोटो पाठवायचे. टाइलचा रंग, नळाचा आकार, दाराच्या कड्या, सगळं फोनवर ठरायचं. नातीच्या खोलीला रंग कुठला, तर आधी जांभळा, मग निळा, मग पुन्हा जांभळा. रंगाऱ्याने जांभळा लावला. पनवेलमध्ये कुणाच्या घरात असली जांभळी खोली नसेल. दारात उभं राहून मी ती बघायचे आणि मनात म्हणायचे, इथे तिचं टेबल, इथे दप्तर, इथे ती रुसून बसणार.

ग्रॅनाइट आला त्या दिवशीचं सगळं मला लख्ख आठवतं. लादी वर आणताना चार जण लागले होते आणि जिन्यात त्यांची भांडणं झाली होती. ओट्याखालच्या विटांच्या बुटक्या भिंती आदल्या दिवशीच उभ्या झाल्या होत्या, अजून ओलसर. लादी हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती, हिरवट काळी, ठिपक्यांची. मी तिच्यावरून हात फिरवत होते आणि फोन वाजला. मुलगा. आठवड्याच्या मध्ये, सकाळी कामाच्या वेळेला तो कधी फोन करत नाही.

“बरी आहेस ना? काम कुठवर आलं?”

“आज ओटा होतोय. तुझ्या बायकोला सांग.”

“हो... आई, ते ऑफिसचं जरा पुढे गेलंय.”

“पुढे म्हणजे?”

“ते सांगत नाहीयेत. आणि हिचंही इथे चांगलं चाललंय, प्रमोशनचं वगैरे. शाळेचंही मग आम्ही ह्या वर्षी इथेच...”

“म्हणजे जूनमध्ये नाही.”

“ह्या जूनमध्ये नाही गं. पुढे बघू.”

बघू. हा आमच्या घरात नवऱ्याचा शब्द. त्याला नाही म्हणणं जिवावर यायचं, भला माणूस होता. मुलगा सायकल मागायचा तेव्हा बघू. मी कोल्हापूरला देवीला जाऊ म्हटलं की बघू. सायकल आली नाही आणि कोल्हापूरला आम्ही गेलो नाही. मुलाने बापाची उंची घेतली आणि हा शब्दही घेतला. त्यालाही नाही म्हणणं जिवावर येतं.

मी म्हटलं, बरं, जेवणाकडे लक्ष दे, आणि फोन ठेवला.

मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा होता. “काकी, लादी चढवू ना?”

तेव्हा मी थांबवू शकले असते. त्या भिंतींच्या वरच्या विटा ओल्या होत्या, हाताने सुटल्या असत्या. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की थांब, माप चुकलंय, माझं घे. त्याने काही विचारलंही नसतं. पण मी तसं म्हटलं असतं तर ‘येणार नाहीत’ हे माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं असतं, आणि मला ते म्हणायचं नव्हतं. मुलाने म्हटलं नव्हतं. सुनेने म्हटलं नव्हतं. मग मीच का म्हणू? मला राग आला होता आणि रडूही आलं होतं, आणि समोर तोंड उघडून उभा होता मिस्त्री.

“चढव,” मी म्हटलं. “आणि ती नवीन टाइलवर सिमेंटची पावलं कुणाची? डोळे आहेत की भोकं?”

तो बिचारा पावलं पुसायला वाकला. लादी चढली.

काम संपलं आणि सगळी माणसं गेली. मिस्त्रीने जाताना नव्या ओट्यावर नारळ फोडायला लावला. भिंतीवरची पेन्सिलची रेघ लादीच्या मागे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी तयार होऊन बसले होते आणि बेल वाजली नाही. बेल वाजणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी चहाचं पाणी जास्तच ठेवलं होतं.

घर फार सुंदर झालं आहे, यात वाद नाही. येणारा जाणारा तोंडभरून बोलतो. पण रिकाम्या घराचा आवाज नव्या फरशीवर जास्त येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याच चपलांचा आवाज आपल्या मागे येतो. मी टीव्ही परत लावला.

आणि ओटा. पहिल्याच दिवशी दूध उतू गेलं, कारण पातेल्यात काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं. पोळी लाटायची तर दोन्ही खांदे कानाला लागायचे. फोडणी तडतडली की ती माझ्या तोंडाच्याच उंचीवर. मग मी माळ्यावरून जेवायला बसायचे जुने पाट काढले. एक पाट पुरेना. त्याखाली दुसरा घातला आणि वर चढले. तेव्हा बरोबर हात पोचला. पाटावर पाट घालून मी आयुष्यात दुसऱ्यांदा उभी राहिले होते, आणि ह्या वेळी हसायला मांडव नव्हता.

सवय होते. चढायचं, फोडणी करायची, उतरायचं, फ्रिजमधून कोथिंबीर काढायची, पुन्हा चढायचं. एकदा वरचा पाट सरकला आणि नडगी सोलली. मुलाला सांगितलं, फर्निचरला आपटले. समोरच्या बाईने एकदा मला पाटावर चढून पोळ्या करताना पाहिलं आणि म्हणाली, “अहो, नवीन ओटा करताना तुम्ही कुठे होता?” मी म्हटलं, “इथेच होते. सून येणार आहे, तिच्यासाठी केलाय.” ती म्हणाली, “हो, तुम्ही मागे म्हणाला होतात.” मागे, हा शब्द तिने मुद्दाम वापरला की सहज, ते मला अजून कळलेलं नाही. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

विमानतळ सुरू झालं. डोक्यावरून विमानं जायला लागली, इतकी खालून की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. थंडीत सुनेच्या मावसबहिणीचं ठाण्याला लग्न होतं, म्हणून तिघंही आली. दोन दिवस. विमानतळावरून रिक्षाने घरी, चहा थंड व्हायच्या आत. मुलगा म्हणाला, “बघ आई, आता किती जवळ झालं.” मी म्हटलं, हो, खूपच.

ती यायच्या आधी मी दोन्ही पाट फ्रिजच्या मागे सरकवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा करायला उभी राहिली. मी दाराजवळ खुर्ची टाकून बसले. ती ताठ उभी होती. खांदे सैल, कोपर लादीच्या जरा वर, हात जसा पडायला हवा तसा. तिने आलं किसलं, दूध घातलं, गाळणं शोधायला हातही न बघता गेला आणि बरोबर जुन्या जागीच ठोकलेल्या खिळ्यावर गेला. जांभळ्या खोलीतून नातीचा आवाज येत होता, बापाशी हुज्जत चाललेली. मिस्त्रीच्या चार बोटांनी काम चोख केलं होतं. मी तो चहा होईपर्यंतचा वेळ बसून घेतला. मला दुसरं काही नको होतं. एवढंच हवं होतं, रोज.

“आई, काय छान झालाय ओटा,” ती म्हणाली. “अगदी माझ्या...” आणि थांबली.

चहा गाळताना थोडा सांडला. पुसायला फडकं कुठे म्हणून तिने फ्रिजच्या बाजूला हात घातला आणि पाट बाहेर आले, एकावर एक. वरच्या पाटावर वाळलेली कणीक आणि हळदीचे डाग. तिने ते हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

“आई, तुम्ही ह्याच्यावर उभ्या राहता?”

“कधीतरी. वरचे डबे काढायला.”

“डबे काढताना कणीक सांडते?”

ती पाट खाली ठेवून माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली, लग्नानंतर बसायची तशीच. “मी तेव्हा म्हटलं होतं ना, तुमच्या मापाचा करा.”

“मला वाटलं, मानाने म्हणतेयस.”

“नाही आई.” तिचे डोळे भरून आले. “आमचं तेव्हाही नक्की नव्हतं. ह्यांना ते तुम्हाला सांगवत नव्हतं. मला वाटलं, निदान ओटा तरी तुमच्या उपयोगाचा होऊ दे.”

बाहेर नात कशावरून तरी मोठ्याने हसली. सून हलक्या आवाजात म्हणाली, “मिस्त्रींना बोलावून तो खाली करून घ्या. आम्ही नाही येणार आई. आता तरी नाही. तुम्ही पडाल एखाद दिवशी.”

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. ताडकन उठून आत निघून जावंसं वाटलं. पण ह्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ‘बघू’ म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणताना ती माझ्याकडेच बघत होती, फोनकडे नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चहा निवत चालला होता, तो आम्ही प्यायलो.

ती गेली. जाताना तिने मिस्त्रीला स्वतः फोन केला होता, त्यामुळे तो चक्क दुसऱ्याच दिवशी उगवला. त्याने ओट्याखाली डोकं घालून पाहिलं, लादीवर बोटं वाजवली आणि मान हलवली.

“काकी, लादी सुटायची नाय. फुटल. नवीन घालावी लागल. त्यापेक्षा आयडिया सांगू? ओटा हाय तसा राहू द्या. हितं खाली पायरी बांधून देतो. ओट्याच्या लांबीची, टाइल लावून. पाट सरकतो, पायरी सरकनार नाय. एक दिवसाचं काम.”

तो म्हणत होता ते बरोबर होतं. मी त्या जागेकडे पाहिलं. पायरी झाली असती तर मला हवं तसं उभं राहता आलं असतं, डोळे मिटूनसुद्धा. आणि त्या पायरीवर सून उभी राहिली असती तर तिला पुन्हा वाकावं लागलं असतं, जमिनीवर सांडलेलं वेचत असल्यासारखं. तिने स्वच्छ सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मला सगळं कळतं, मी काही भ्रमिष्ट झालेली नाही.

“नको,” मी म्हटलं. “पाट बरे आहेत. पाट लागला तर उचलून ठेवता येतो.”

“उचलायचा कशाला पन?”

“कुणी आलं रांधायला, तर.”

मिस्त्रीने लादीवरचा हात काढला. “म्हंजे सूनबाई येनार हायेत का राहायला?”

मी पाटांवर चढले, त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस मोठा केला.

“बघू,” मी म्हटलं.